‘तारा’ : रम्यकथेतील तुळजापूर

निजामाने १८५३च्या तहान्वये इंग्रजांकडे सोपविलेला नळदुर्ग जिल्हा सोलापूरच्या हद्दीला लागूनच होता. फिलिप मेडोज टेलर याने तेथे सुमारे चार वर्षे कारभार पाहिला. १८६०मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला, आणि १८६३मध्ये ‘तारा : ए मराठा टेल’ ही त्याची तीन खंडांची इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. कादंबरीचा काळ अफझलखानाच्या स्वारीचा. नायिका तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांची बालविधवा कन्या तारा. नायक फाजिल, म्हणजे प्रत्यक्ष खानाचा मुलगा.

एवढ्यावरूनच रम्यकथेची सारी सामग्री ध्यानात येते. अपहरण, सुटका, पहाडसिंगासारखा लुटारू नायक, गुप्त पत्रे, विजापूर दरबारातील कारस्थाने, आणि अखेरीस चितेच्या तोंडातून नायिकेचे वाचणे. घटनांची ही गर्दी टेलर लीलया हाकतो. वाचक रेंगाळतो तो मात्र घटनांपाशी नव्हे, तर शास्त्रीबुवांच्या घरात. अनंदा ही पहिली पत्नी, राधा ही दुसरी, आणि या दोघींच्या मध्ये विधवा मुलगी. हा गृहकलह रंगविताना लेखकाची दृष्टी साहेबी कुतूहलाच्या बरीच पलीकडे जाते. मुलखाची त्याची ओळख घोड्यावरून झालेली आहे, नकाशावरून नव्हे.

तरीही ही ओळख अंगणापर्यंतची आहे, गाभाऱ्यापर्यंतची नाही. तारा देवीची ‘मुरळी’ होते. मराठी वाचकाला मुरळी म्हटले की जेजुरी आठवते, भवानीच्या दारी तो आराधिनींची अपेक्षा करतो. देवीच्या पूजेचा परंपरागत मान भोप्यांचा. शास्त्रीघराण्याला केंद्रस्थानी आणताच हा सारा ब्राह्मणेतर परिवार दृष्टीआड होतो. तपशिलाची चूक म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण टेलरला हवी असलेली नायिका, म्हणजे कुलीन, सुशिक्षित आणि सर्वस्वी असहाय अशी विधवा, या मांडणीवाचून उभीच राहत नाही.

इतिहासाचीही अशीच गत होते. मंदिराला झालेला उपसर्ग बखरींत येतो आणि टेलरही तो प्रसंग टाळत नाही; पण त्याचे ओझे फाजिलवर पडू नये याची तो काळजी घेतो. दुसऱ्या बाजूचे पाप राधेचा भाऊ मोरो त्रिमल या एकाच खलपुरुषाच्या माथी मारले जाते. एका राज्याचा उदय आणि दुसऱ्याचा ऱ्हास यांतील संघर्ष असा एका स्त्रीच्या मागे लागलेल्या दोन पुरुषांपुरता उरतो. १६५९चे प्रतापगड प्रकरण वाचकाला थरारून सोडते, पण ते का घडले हे मात्र त्याला उमगत नाही.

कादंबरीची खरी कसोटी ताराच्या विवाहाशी लागते. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) विधवा यमुनेला पुनर्विवाहाचे सुख मिळते ते ख्रिस्ती झाल्यावर. सहाच वर्षांनी टेलरची तारा आदिलशाही सरदाराची पत्नी होते. एक धर्मप्रचारक मराठी लेखक, दुसरा इंग्रज अधिकारी. हेतू वेगळे, पण विधवेला जगवायचे तर तिला तिच्या समाजाबाहेर न्यावे लागते, हा दोघांचाही निर्णय. पदमनजी त्या समाजाशी निदान वाद घालतात. टेलर प्रेमाच्या जोरावर वादच मिटवून टाकतो. प्रेमकथा म्हणून हा शेवट गोड आहे. केशवपन झालेल्या, घरात कोंडलेल्या ताराच्या असंख्य बहिणींना मात्र त्यात जागा नाही.

टेलरची छाया मराठीवर पडली ती दुसऱ्या कादंबरीतून. ‘टिपू सुलतान’चा (१८४०) आधार घेऊन ह. ना. आपटे यांनी १८९०मध्ये ‘म्हैसूरचा वाघ’ लिहावयास घेतली. त्याच दशकात ते ‘उषःकाल’कडे वळले. ‘तारा’मधील विजापूर-मराठे संघर्ष तेथेही आहे; प्रेम, वेषांतरे आणि भुयारेही आहेत. पण आदिलशाहीशी इमान राखणारे रंगराव अप्पा आणि शिवाजीकडे ओढला जाणारा त्यांचा मुलगा नानासाहेब यांना समोरासमोर उभे करताना आपट्यांना खलपुरुषाचा आधार घ्यावा लागत नाही. बाप खोटा नाही, मुलगाही खोटा नाही. टेलरच्या शास्त्र्याच्या घरातही असा पेच उभा राहू शकत होता. तेथे तो मोरो त्रिमलाच्या दुष्टपणाने आधीच सोडवून टाकलेला आहे.