चंदीगड : तेरावे घर आणि त्यापलीकडचा माणूस

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि पूर्व पंजाब राजधानीवाचून राहिला. लाहोर सीमेपलीकडे गेले. अलीकडे आले ते निर्वासितांचे लोंढे. तेव्हा शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवे नगर वसविण्याचे ठरले. अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा सिद्ध केला. परंतु १९५० मध्ये नोविकी विमान-अपघातात निवर्तले आणि १९५१ मध्ये ते कार्य ल कॉर्बुझिए यांच्या हाती आले. घरांचा भार मुख्यतः पिअर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी वाहिला.

या नगराचा मूळ घटक म्हणजे सेक्टर. सुमारे १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद असा हा चौकोन. वेगवान वाहनांनी त्याच्या कडेने जावे, वस्तीत शिरू नये, हा येथला दंडक. त्यासाठी रस्त्यांच्या सात श्रेणी पाडल्या. सायकलींची आठवी मागाहून आली. कडेच्या हमरस्त्यावर घरांची दारे उघडत नाहीत. बाजाररस्त्यावर दुकाने एकाच अंगाला, सावलीत. म्हणजे गिऱ्हाइकाला वारंवार रस्ता ओलांडावा लागू नये. शाळा हिरव्या पट्ट्यात आणि तिची वाट पायी चालणाऱ्यांची. लहान मुलाने मोटारीच्या भयावाचून शाळेत पोहोचावे, एवढा साधा विचार त्यामागे होता.

सरकारी नोकरांच्या घरांचे वेतनानुसार तेरा प्रकार ठरले. सर्वांत खालच्या प्रकारात, म्हणजे शिपायाच्या घरातही, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि स्वतंत्र संडास यांची सोय होती. त्याच काळी मुंबईच्या बी. डी. डी. चाळींत कामकरी कुटुंबे एकेका खोलीत संसार करून सामाईक संडासापुढे रांग लावीत होती, हे आठवले म्हणजे या तेराव्या घराचे मोल कळते.

मात्र या नगराच्या विटा वाहणाऱ्या मजुराला वेतनश्रेणी नव्हती. म्हणून आराखड्यात त्याचे घरही नव्हते. तो झोपडीत राहिला. पुढे २००६ मध्ये अशा कुटुंबांसाठी लहान सदनिकांची योजना निघाली. २०१३ मध्ये पाच नंबरची आणि २०२२ मध्ये चार नंबरची वसाहत पाडण्यात आली; काहींना सदनिका मिळाल्या, सर्वांना नव्हे. पाच लक्ष वस्तीसाठी कल्पिलेल्या चंदीगडची लोकसंख्या, भोवतालच्या गावांसह, २०११ च्या जनगणनेत साडेदहा लक्षांवर गेली होती. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील सेक्टरांत एका घराचे तुकडे करून सदनिका करण्यास मनाई केली. नगराचे मूळ रूप त्याने राखले गेले. पण स्वस्त घराचा शोध आणखी दूर सरकला.

जो दूर राहतो त्यालाच पहाटे सायकलवरून कामावर यावे लागते, आणि ते त्याच वेगवान हमरस्त्यांच्या काठाने. सेक्टरातल्या मुलाला मिळालेली निर्भय वाट त्याच्या वाट्याला येत नाही. घराचा प्रश्न आणि रस्त्याचा प्रश्न हे दोन नाहीत, एकच आहे, हा धडा चंदीगडच्या इतिहासातून मिळतो. नवी नगरे आखणाऱ्यांनी तेराव्या घरापलीकडचे हे चौदावे घर प्रथम आखले पाहिजे.