उतरलेलं आणि विकत घेतलेलं

शुक्रवारी भल्या सकाळी मुंबईच्या चोर बाजारात जा. मटण स्ट्रीटच्या आसपास फुटपाथवर अख्खा संसार मांडलेला असतो. बंद घड्याळं, जोडीदार हरवलेले बूट, ग्रामोफोनचा भोंगा, कुणाच्या तरी लग्नाचा फोटो. बाजाराचं मूळ नाव 'शोर बाजार', गोऱ्यांच्या तोंडी त्याचा चोर झाला, असं सांगतात. मी तिथं तासन्‌तास रमतो. वस्तू उचलायची, उलटीसुलटी करायची, भाव पाडायचा. नाही पटलं तर ठेवून पुढं जायचं. कुणी जात विचारत नाही.

मित्रांनो, या फुकटच्या मजेला इतिहास आहे आणि तो आपला आहे.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. 52वा श्लोक चांडाळांना प्रेतावरची वस्त्रं नेसायला लावतो. 125वा सांगतो, शूद्राला उष्टं अन्न द्या, जुने कपडे द्या, धान्यातला पोल द्या, जुनंपानं सामान द्या. ऐपत असली तरी शूद्रानं धन साठवू नये, हे 129व्यात. म्हंजे जुनं वापरणं ही नुसती गरिबी नव्हती, धर्माचा कायदा होता. गावगाड्यानं तोच चालवला. मढ्यावरचं कापड हा महाराचा 'हक्क' ठरला. हक्क कसला! त्यात निवड नव्हती, भाव करणं नव्हतं आणि नको म्हणायची तर सोयच नव्हती.

शहरातही तेच. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं सूतखात्यात राबली, पण साचेखात्याचं दार बंद. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, त्याचा स्पृश्य कामगारांना विटाळ. 1928च्या संपात बाबासाहेबांनी या प्रश्नावर आग्रह धरला. दुनियेच्या कापडाचं सूत आपण काढायचं आणि नेसायचं मात्र दुसऱ्यानं उतरलेलं!

आता दुसरी बाजू बघा. 1913 ते 1916 बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत होते. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तिथं सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं जमवली, असं चरित्रकार लिहितात. त्यातली बरीच इकडं पोचलीच नाहीत. 1917 साली लंडनहून परतताना वेगळ्या बोटीनं पाठवलेली पुस्तकं महायुद्धात बोटीसकट बुडाली. माणूस खचला नाही. पुन्हा लंडनला गेला, पुन्हा पुस्तकं घेतली. पुढं दादरला राजगृह बांधलं, ते पुस्तकांचा विचार करून.

न्यूयॉर्कची ती पुस्तकंही कुणीतरी वापरून टाकलेलीच. पण ती कुणी वरून पदरात टाकली नव्हती. त्यांनी शोधली, चाळली, दाम मोजला.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला मनुस्मृती जाळली. त्याच वेळी बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं, अस्पृश्यपणाची खूण दाखवणारी लुगड्याची रीत आणि दागिने टाका. कपडा ठिगळाचा असला तरी चालेल, स्वच्छ पाहिजे. ठिगळाची लाज त्यांना नव्हती. लाचारीची होती.

माझी आई ज्या घरी धुणंभांडी करायची तिथून माझे शर्ट यायचे. ढगळ असो, घट्ट असो, घालायचा आणि वर सणाला तिथं जाऊन दाखवायचा. आज फुटपाथवर मी जुनाच शर्ट घेतो. पण दहा बघतो, नऊ नाकारतो. ते नऊ नाकारताना जी मजा येते, ती माझ्या आज्याला कधी मिळाली नाही.

तेव्हा पोरांनो, जुन्या शर्टाची लाज धरू नका. फक्त तो कुठून आला, एवढं विचारा.