कुजणं थांबलं की

आमच्या उंब्रजमध्ये म्हातारं माणूस माणसं ओळखेनासं झालं की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपतो. माझ्या आजीचाही तसाच संपवला गेला होता. पुढे अल्झायमरचं निदान झालं. मी सॉफ्टवेअरवाला, काही बंद पडलं की आधी काय बिघडलं आणि मागून काय, हे शोधणं हेच माझं रोजचं काम. म्हणून या आजाराचा इतिहास वाचताना मी तोच प्रश्न घेऊन बसलो. हा क्रम शोधण्यात संशोधकांची शंभराहून जास्त वर्षं गेली आहेत.

मुळात हा आजार साठीनंतरच्या माणसात सापडलाच नाही. आउगुस्ट डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. १९०६ मध्ये ती वारली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलोइस अल्झायमर यांनी ट्यूबिंगेनच्या सभेत तिच्या मेंदूत काय दिसलं ते सांगितलं: पेशींच्या आत गुंतलेले धागे आणि बाहेर साचलेले थर. हे थर म्हणजेच प्लाक. ते अमायलॉइड-बीटा नावाच्या प्रथिनाचे असतात, हे १९८० च्या दशकात कळलं. १९९२ मध्ये हार्डी आणि हिगिन्स यांनी मांडलं की साचणाऱ्या अमायलॉइडपासूनच सगळं सुरू होतं. संशोधनाचा मोठा ओघ त्या दिशेने गेला.

दुसरा धागा बेल्जियममधला. लुव्हेनला क्रिस्तियाँ द द्यूव उंदराच्या यकृतावर काम करत होते. १९४९ मध्ये एका विकराची क्रिया त्यांना अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसली. तोच नमुना पाच दिवस फ्रिजमध्ये राहिल्यावर ती वाढली. विकर कुठल्या तरी पिशवीत बंद होतं आणि पिशवी फुटल्यावर बाहेर आलं, असा अर्थ त्यांनी लावला. १९५५ मध्ये त्या पिशवीला लायसोसोम हे नाव मिळालं आणि १९७४ मध्ये द द्यूव यांना नोबेल. आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला ‘लयकारिका’ म्हणतात आणि पुढे ‘आत्मघाती पिशवी’ असंही लिहिलेलं असतं. या टोपणनावामुळे तिचं रोजचं काम झाकलं जातं. पेशीतला कचरा तिथे येतो, आतल्या आम्लात विकरं त्याचे तुकडे करतात आणि माल पुन्हा वापरात जातो. शेतकऱ्याला हा खतखड्डाच वाटेल. फरक एवढाच की आम्ल कमी पडलं, तर इथे काही कुजत नाही, नुसतं साचतं.

१९९० मध्ये राल्फ निक्सन आणि अ‍ॅन कॅटाल्डो यांना अल्झायमरच्या प्लाकमध्ये लयकारिकांची विकरं सापडली, तीही सक्रिय. पेशीच्या आतली वस्तू बाहेरच्या ढिगात कशी आली? पण मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूत शेवट दिसतो, क्रम दिसत नाही. क्रमासाठी उंदीर हवा होता, आणि उंदरांना अल्झायमर आपोआप होत नाही. १९९५ मध्ये मानवी जनुकातला दोष घातलेल्या उंदरांत पहिल्यांदा भरपूर प्लाक तयार झाले.

२०१० मध्ये निक्सन यांच्या गटाने दाखवलं की आनुवंशिक अल्झायमरमध्ये बिघडणारं प्रेसेनिलिन-१ लयकारिकेत आम्ल भरणाऱ्या पंपासाठीही लागतं. काही प्रयोगशाळांनी ते मानलं नाही. २०२२ मध्ये याच गटाने पाच प्रकारच्या उंदरांच्या चेतापेशी तपासल्या. बाहेर प्लाक दिसण्याआधीच आतलं आम्ल कमी झालेलं होतं. न पचलेल्या अमायलॉइडने भरलेल्या पिशव्या पाकळ्यांसारख्या फुगल्या होत्या. या रूपाला त्यांनी ‘पॅन्थोस’ म्हटलं, म्हणजे विषारी फूल. पेशी मेल्यावर तिच्याच अवशेषाचा प्लाक होतो, असं त्यांचं म्हणणं. अल्झायमर झालेल्या माणसांच्या मेंदूतही अशा पेशी आढळल्या.

हे खरं ठरलं, तर बाहेरचा ढीग हे उशिरा दिसणारं चिन्ह ठरतं. प्लाक काढणाऱ्या लेकानेमॅबने दीड वर्षाच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला. ऱ्हास थांबला नाही. तरी घाई नको. या उंदरांत आनुवंशिक दोष घातलेला असतो. तो असणारे रुग्ण फार थोडे. उंदीर बरा झाला म्हणून माणूस बरा होईल असं नाही, हे या आजाराच्या औषधांनी अनेकदा दाखवलं आहे. लयकारिकेचं आम्ल परत आणणारं औषध आज रुग्णासाठी उपलब्ध नाही. एवढं मात्र घरच्यांना आजच सांगता येतं: हा हट्ट नव्हे, कुणाच्या दुर्लक्षाचं फळही नव्हे. पेशीच्या आत काहीतरी पचायचं थांबलेलं असतं, आणि बहुधा आपल्याला पहिलं नाव विसरलेलं कळण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून.