माहेरच्या यादीतले नाव

निवडणुकीतल्या लबाडीचा विषय निघाला की आमच्या वऱ्हाडात प्रत्येकाजवळ एक तरी गोष्ट असते. पूर्वीच्या गोष्टी पेट्यांच्या असत, आता यंत्रांच्या असतात. माझ्याजवळची गोष्ट पेटीची नाही आणि यंत्राचीही नाही. ती आमच्या आजीची आहे. स्वतंत्र भारतातली पहिली निवडणूक झाली तेव्हा ज्या गावच्या यादीत तिचे नाव होते तेथे ती राहत नव्हती, आणि ज्या गावी ती राहत होती तेथल्या यादीत तिचे नाव नव्हते.

आजीचे माहेर अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात. सासर अमरावती जिल्ह्यात, दर्यापूरच्या अंगाला. मध्ये पूर्णा नदी आणि दोन्ही बाजूंना तीच काळी कपाशीची जमीन. देशातल्या मतदारयाद्यांचे काम १९४८ पासूनच सुरू झाले होते. माहेरच्या गावी यादी करणारा माणूस आला तेव्हा आजी बाळंतपणासाठी तेथे होती. तिच्या वडिलांनी कौतुकाने लेकीचे पाळण्यातले नाव सांगितले, पुढे आपले नाव लावले, आणि ते यादीत गेले. सासरी तोच प्रश्न आला तेव्हा घरातल्या पुरुषांना परक्या माणसापुढे सुनेचे नाव घेणे बरे वाटले नाही. 'लिहा, अमक्याची बायको,' एवढे सांगून ते मोकळे झाले.

असे सांगणारे ते एकटे नव्हते. देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशा नोंदींचा ढीग येऊन पडला. स्वतःचे नाव सांगा, नाहीतर यादीतून गळाल, असे फर्मान निघाले. सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख अखेर गळाल्या. त्या बहुतेक सर्व बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा मोजक्या राज्यांतल्या होत्या. अमरावती आणि अकोला तेव्हा जुन्या मध्यप्रदेशात, नागपूर राजधानीखाली होते. आजी त्या २८ लाखांतली एक. सेनांवर पुष्कळ टीका झाली. मला ते बरोबर वाटतात. जिला नाव नाही तिच्या मताचे रक्षण कोण करणार?

कागदावरचे नाव आणि खरा माणूस यांची ताटातूट वऱ्हाडला नवी नव्हती. आमचा मुलूख कागदोपत्री निजामाचा, १९०२ पासून इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने. म्हणून १९१९ च्या कायद्यात एक गमतीदार कलम आले: वऱ्हाडातून निवडून आलेल्यांना सरकारने 'नेमावे', आणि मग त्यांना 'निवडलेले' समजावे! अमरावतीचे दादासाहेब खापर्डे दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसले ते याच रीतीने. निवडणुकीत दुसऱ्याच्या नावाने मत देणे, म्हणजे तोतयेगिरी, हा गुन्हा म्हणून दंडविधानात आला तोही १९२० सालीच. मत आले आणि त्याच्या पाठोपाठ तोतया आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९५२ च्या निवडणुकीत अमरावतीहून डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याहून गोपाळराव खेडकर लोकसभेवर गेले. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याची निशाणी; पडद्याआड जाऊन हवी त्या पेटीत कागद टाकायचा. भाबड्या लोकांनी पेट्यांना हात जोडले; काहींनी पेटीत चिठ्ठ्या आणि नाणीही टाकली. परंतु लबाडांना यात सोय होती. कोरा कागद खिशात घालून बाहेर आणावा आणि विकावा. घेणाऱ्याच्या माणसाने आत जाऊन आपल्याबरोबर तोही पेटीत टाकावा. पुढे निशाणीवर शिक्का मारण्याची पद्धत आली आणि १९६२ पर्यंत ती देशात बहुतेक सर्वत्र रूढ झाली, तेव्हा हा धंदा बसला. बोटाला लावायची शाई पहिल्या निवडणुकीपासून आहे. ती एका बोटाला दोनदा मत देऊ देत नाही. पण शाई बोटाला लागते, नावाला लागत नाही.

आजीचे पहिले मत पडले १९५७ साली. तोवर वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आले होते. (१९५२ ला मध्यप्रदेश, १९५७ ला मुंबई, १९६२ ला महाराष्ट्र: घराचा उंबरठा न बदलता आमच्या माणसांनी तीन राज्यांत मते दिली.) सासरच्या यादीत आता तिचे लग्नातले नाव नीट चढले होते. त्या उन्हाळ्यात ती माहेरी गेली तेव्हा भावजय हसत हसत म्हणाली, "बाई, औंदा तुमचं मत अठीबी पडलं!"

"कोनं टाकलं?" आजीने विचारले.

कोणी बोलेना. माझ्या वडिलांचे मामा मतदानाच्या दिवशी एका उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून केंद्रात बसले होते. ते खाली मान घालून सुपारी कातरत राहिले.

आजीला घोर लागला तो वेगळाच. गावच्या मास्तरांनी तिला सांगितले की एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत असू नये, आणि कोणी दोन्हीकडे मत दिले तर त्याची दोन्ही मते बाद. ती घाबरली. आपले सासरचे खरे मतसुद्धा या पाळण्यातल्या नावापायी बुडाले तर? तिने स्वतः दोनदा मत दिले नव्हते, तेव्हा तसे काही होणार नव्हते. पण ज्या बाईला नाव मिळवायलाच दोन निवडणुका लागल्या होत्या तिची भीती मला खोटी वाटत नाही.

तोतया ओळखण्याची तरतूद नियमांत आहे. १९६१ च्या नियमांप्रमाणे प्रतिनिधीने केंद्राध्यक्षाजवळ दोन रुपये ठेवून मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा. आक्षेप पोकळ ठरला तर रुपये जप्त. आपल्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेले असेल तर खऱ्या मतदाराला 'प्रदत्त' मत देता येते. ते पाकिटात बंद राहते आणि मोजले जात नाही. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला एका मताने निकाल लागला, तेव्हा अशा पाकिटांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पण आक्षेप घ्यायचा कोणी? आपल्याच गावच्या पोराला सर्वांदेखत तोतया म्हणायचे, आणि उद्या त्याच्याच विहिरीवर पाणी भरायचे!

आता अलीकडचे. २६ एप्रिल २०२४ ला अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे लोकसभेचे मतदान होते. योगायोग असा की त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने यंत्रांविषयीचा निकाल दिला. मतपत्रिकांकडे परत जाणे नाकारले, सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणीही नाकारली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला खर्च भरून काही यंत्रे तपासून घेता येतील असे ठरवले. आयोगाने त्या वर्षी हा खर्च यंत्रामागे ४७,२०० रुपये ठेवला; गडबड सिद्ध झाली तर परत. दोन रुपयांच्या आक्षेपाचा हा नातूच म्हणायचा, फक्त फारच श्रीमंत निघाला.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेनंतर भांडण यंत्रावरून यादीवर आले, आणि माझ्या मते ते योग्य जागी आले. लोकसभेच्या वेळी राज्यात ९ कोटी २९ लाख मतदार होते, विधानसभेच्या वेळी ९ कोटी ७० लाख; पाच-सहा महिन्यांत एवढे आले कुठून, असे विरोधकांनी विचारले. नोंदणी नियमाने झाली, याद्या पक्षांना दिल्या होत्या, अपिले नगण्य आली, असे आयोगाने उत्तर दिले. मला दोघांचेही पुरते पटत नाही. वाढ म्हणजेच लबाडी असे नव्हे. नावे अनेक प्रामाणिक कारणांनी वाढतात. पण तक्रार आली नाही म्हणून यादी शुद्ध, हेही नव्हे. आमच्या मामा-आजोबांचे अख्खे गाव जाणत होते आणि एकही तक्रार झाली नव्हती. संगणकावर शोधता येईल अशी यादी द्या, ही मागणी न्यायालयाने २०१८ साली मान्य केली नाही. केंद्रातली चित्रफीत कोणालाही पाहता येऊ नये असा बदल डिसेंबर २०२४ मध्ये नियमांत झाला. मतदाराची गुप्तता जपावी हे खरे. पण मत गुप्त असते, यादी नव्हे. ती जितकी चारचौघांत वाचली जाईल तितकी बरी.

२०२५ च्या नगरपालिका निवडणुकांत दुबार वाटणाऱ्या नावांपुढे दोन चांदण्या छापण्याचे राज्य निवडणूक आयोगाने ठरवले. सोय चांगली. मात्र आमच्याकडे एकेका गावात देशमुख, इंगळे आणि वानखडे इतके, आणि नावेही तीच तीच, की प्रत्येक चांदणीमागे चोर शोधू लागलो तर अर्धे वऱ्हाड संशयित ठरेल. घरी जाऊन विचारल्याशिवाय इलाज नाही.

आजीने तेच केले, उलट दिशेने. १९६१ साली, पुढच्या निवडणुकीच्या आधी, बनोशाच्या स्टेशनावर ती छोट्या रुळाच्या गाडीत बसली आणि मूर्तिजापूरला उतरली. भाऊ स्टेशनावर घ्यायला आला होता. कचेरीपर्यंत तो तिला एकच गोष्ट सांगत राहिला, "राहू दे ना बाई. आता बाबाबी नाहीत. तेवढंच तुझं नाव उरलं अठी." ती काही बोलली नाही. कचेरीतल्या कारकुनाने नाव कमी करण्याचा अर्ज लिहून दिला आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली.

आजीने डबी बाजूला केली आणि टाक मागितला. माहेरच्या शाळेत ती दुसरीपर्यंत शिकली होती. सासरच्या सगळ्या कागदांवर तिचा अंगठाच असे, कारण ते नवे नाव लिहायला तिला कोणी शिकवलेच नव्हते. लिहिता येत होते ते हेच एक, पाळण्यातले. ते तिने सावकाश, वडिलांच्या नावासह, अर्जाखाली लिहिले. कारकुनाने त्यावर टिपकागद दाबला, आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून ती लगबगीने उठली.