तीनशेचे साडेचारशे

१९९८च्या ऑगस्टमध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा प्रोसेसर बाजारात आणला. घाऊक किंमत १४९ डॉलर. त्याच सुमारास इंटेलचा सगळ्यात वेगवान पेंटियम टू आला, ४५० मेगाहर्ट्झचा, किंमत ६६९ डॉलर. थोड्याच दिवसांत जगभरच्या गेमर पोरांना कळलं की पहिल्याकडून दुसऱ्याचं काम करून घेता येतं. त्यासाठी लागत होती बायोसमधली एक सेटिंग, नाहीतर चिकटपट्टीचा नखाहून लहान तुकडा.

कमी पैशात गेमिंग पीसी कसा जुळवायचा, यावर आज यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ सापडतात. त्यांतल्या याद्या सहा महिन्यांत शिळ्या होतात. मला यादीपेक्षा त्यामागचा प्रश्न जास्त खुणावतो: स्वस्त पार्ट स्वस्त का असतो? कधी तो खरंच कमी कुवतीचा असतो. कधी कुवत तीच असते, कंपनीने मध्ये फक्त रेघ मारलेली असते. आणि कधी कुवत कमी असून नाव मात्र मोठं दिलेलं असतं. खिशात मोजके पैसे असलेल्याला हे तिन्ही वेगळे ओळखावे लागतात. पैसेवाल्याची खरेदी फसली, तर तो पुढच्या वर्षी दुसरं कार्ड घेतो. ज्या घरात कम्प्युटर सहा-सात वर्षांतून एकदा येतो, तिथे फसलेली खरेदी सहा-सात वर्षं टेबलावर बसून राहते.

तर ३००ए. त्याचा थोरला भाऊ, म्हणजे पहिला सेलेरॉन, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आला होता आणि त्याचं चांगलंच हसं झालं होतं. एएमडी आणि सायरिक्सच्या स्वस्त चिपांमुळे हजार डॉलरच्या आतले कम्प्युटर खपायला लागले होते, म्हणून इंटेलने घाईने पेंटियम टूमधली एल-टू कॅश काढून टाकली आणि उरलेलं सेलेरॉन म्हणून विकायला ठेवलं. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी, वेगवान मेमरी. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा मिसळणाचा डबाच म्हणा. तो नसेल तर चिमूटभर हळदीसाठीही कोठीच्या खोलीत जावं लागतं.

३००एमध्ये इंटेलने ती चूक सुधारली, आणि जरा जास्तच सुधारली. पेंटियम टूची ५१२ केबी कॅश प्रोसेसरशेजारी वेगळ्या चिपांवर होती आणि प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालायची. ३००एला मिळाली फक्त १२८ केबी, पण ती थेट प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आणि पूर्ण वेगाने चालणारी. त्या काळच्या गेमना आकारापेक्षा वेग जास्त उपयोगी पडत होता.

आता गणित बघा. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले एक ठरावीक आकडा. ३००एचा आकडा होता साडेचार, आणि तो इंटेलने कुलूपबंद केलेला होता. बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून ३००. पण पेंटियम टूसाठी बनवलेल्या मदरबोर्डवर १०० मेगाहर्ट्झची बसही असायची. ती चालू केली की साडेचार गुणिले शंभर, ४५०. अबिट कंपनीच्या बीएच६ या बोर्डावर हे बायोसमधूनच करता यायचं. काही बोर्ड मात्र प्रोसेसरला विचारून बसचा वेग ठरवायचे. तिथे पोरं सेलेरॉनच्या कार्डावरच्या बी२१ या पिनेवर चिकटपट्टी लावत. पीन झाकली की बोर्डाला वाटायचं, आलेला पाहुणा शंभरवालाच आहे.

सगळे ३००ए साडेचारशेला पोचत नसत. काहींना जास्त व्होल्टेज द्यावं लागे, काही तरीही अडून बसत. पण पोचणाऱ्यांचं प्रमाण इतकं होतं की विक्रेते चिपा आधी तपासून ‘४५०ला चालणारा’ म्हणून चार पैसे चढवून विकू लागले. इंटेलच्या कारखान्यात तोवर चांगला माल इतका निघत होता की ३०० हा छाप त्या चिपची मर्यादा सांगत नव्हता. स्वस्त चिपेची मागणी आहे, तर तिच्यावर स्वस्त आकडा छापायचा, एवढाच त्याचा अर्थ होता.

मात्र स्वस्तातला प्रत्येक पार्ट असा गुपचूप बलवान नसतो. दोन वर्षं मागे, १९९६मध्ये, सायरिक्सचा ६एक्स८६ हा काटकसरी माणसाचा लाडका प्रोसेसर होता. १३३ मेगाहर्ट्झची चिप ते ‘पीआर १६६ प्लस’ म्हणून विकत, म्हणजे १६६च्या पेंटियमच्या तोडीची, किंबहुना थोडी पुढेच. ऑफिसच्या कामांत हा दावा बऱ्यापैकी खरा होता. मग जूनमध्ये ‘क्वेक’ आला. क्वेकचं थ्रीडी चित्र काढताना दशांशाची गणितं सतत करावी लागतात, आणि मायकेल अॅब्राश या प्रोग्रॅमरने तो कोड पेंटियमच्या अंगावर बेतून शिवला होता: पेंटियमचा एक भाग भागाकारात गुंतलेला असताना दुसऱ्या भागाने पुढचे पिक्सेल काढत राहायचं. सायरिक्सचं दशांशाचं युनिट मुळात कमजोर, त्यात असं एका वेळी दोन कामं करणं त्याला जमेना. एका गेमने त्या चिपचा गेमर गिऱ्हाईक घालवला. ज्यांनी त्याआधी ती घेतली होती, त्यांच्या खरेदीत तेव्हा काहीच वावगं नव्हतं.

म्हणून मला यादी करणाऱ्यांचा ‘बेस्ट बजेट प्रोसेसर’ हा शब्दप्रयोग पटत नाही. कोणत्या गेमसाठी आणि किती वर्षांसाठी, हे न सांगता तो अर्धवट राहतो.

३००एनंतर हा खेळ काही वर्षं रंगला. २०००मध्ये एएमडीचा ड्युरॉन आला, तेव्हा चिपच्या वरच्या अंगाला असलेले एल-वन नावाचे बारीक पूल साध्या शिसपेन्सिलीने जोडले की गुणकाचं कुलूप उघडायचं. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, एवढंच शास्त्र. २००९मध्ये फेनॉम टू एक्स२ या दोन कोअरच्या चिपांत बंद करून ठेवलेले आणखी दोन कोअर काही जणांना बायोसमधून जागे करता आले. त्यांतले काही कोअर खरेच सदोष होते, काही नुसतेच झोपवलेले. नशिबाचा भाग होता.

कंपन्या हे बघत होत्या. २०१०मध्ये इंटेलने स्वतःच एक अजब प्रयोग केला. पेंटियम जी६९५१ नावाचा प्रोसेसर घ्या, वर ५० डॉलरचं एक कार्ड घ्या, त्यावरचा कोड टाका, आणि आतच असलेली पण बंद ठेवलेली जास्तीची कॅश आणि हायपर-थ्रेडिंग चालू होईल. लोक भडकले आणि तो प्रयोग गुंडाळला गेला. मला त्या कार्डाबद्दल थोडा आदरच वाटतो. वर्षानुवर्षं जे झाकून चाललं होतं, ते त्यांनी एकदा तरी दरपत्रकात लिहिलं. २०११पासून मात्र बसचा वेग इतर सगळ्याशी बांधून टाकला गेला आणि वेग वाढवायची मुभा नावापुढे ‘के’ असलेल्या महाग चिपांनाच उरली. चिकटपट्टीचे दिवस संपले.

आता मुंबईत येऊ. २००२-०३च्या सुमारास आम्ही मित्र दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचो. लॅमिंग्टन रोड, पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. १९९७मध्ये भारताने माहिती-तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात भाग घेतला होता आणि कम्प्युटरच्या पार्टांवरची कस्टम्स ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरत होती. ‘असेम्बल’ करून घेतलेला कम्प्युटर मध्यमवर्गाच्या आवाक्यात येत होता. दुकानदार छोट्या पॅडवर कोटेशन लिहून द्यायचा: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हार्डडिस्क, कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस. सोबत एखाद्या मित्राचे वडील, कारण पैसे त्यांचे. कारण सांगितलेलं असायचं सी-प्लस-प्लस शिकण्याचं. ग्राफिक्स कार्डाची ओळ कागदावर नसायचीच. ‘ऑनबोर्ड आहे ना,’ म्हणून विषय संपायचा.

त्या वाक्यात एक सापळा होता. इंटेलचे ८१० आणि पुढे ८४५जीएल हे चिपसेट स्वस्त होते, कारण त्यांत एजीपी स्लॉटची सोयच नव्हती. एजीपी म्हणजे तेव्हा ग्राफिक्स कार्ड बसवायची जागा. म्हणजे ‘आत्ता असंच घेऊ, पुढच्या दिवाळीला कार्ड टाकू’ हा प्रत्येक पोराचा बेत त्या बोर्डावर पहिल्याच दिवशी मेलेला असे. फरक काही शेकड्यांचा असायचा, आणि बापाला तो समजावून सांगायचा तर आधी सी-प्लस-प्लसची गोष्ट मागे घ्यावी लागली असती!

ज्यांच्याकडे स्लॉट होता, त्यांच्यासाठी दुसरा सापळा होता: जीफोर्स ४ एमएक्स. नावात चार, पण आतली रचना जीफोर्स २च्या घराण्यातली. पिक्सेल शेडर, म्हणजे पाण्यावरची चमक आणि धुकं रंगवणारं यंत्र, त्यात नव्हतंच. ते जीफोर्स ३मध्ये होतं. म्हणजे तीन चाराच्या पुढे! २००३मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ आला आणि एमएक्सवर चालायला तयार होईना. मग ‘थ्रीडी अॅनलाइझ’ नावाचं एक चिमुकलं सॉफ्टवेअर सीडीवरून सीडीवर फिरू लागलं. ते गेमला खोटंच सांगायचं की कार्डात सगळं आहे. राजपुत्र मग धावायचा, अडखळत का होईना.

एसएमपीएसबद्दल एक शब्द. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या त्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असायचं, आणि हा ४५० सेलेरॉनच्या नेमका उलटा: छाप मोठा, माल छोटा. त्यात आपल्याकडचं लोडशेडिंग, वीज येता-जाताना व्होल्टेजचे झटके. परदेशी याद्यांत यूपीएसची ओळ सहसा नसते. आपल्याकडे ती आजही मी वरच्या तिनांत लिहितो.

क्वेकने सायरिक्सचं जे केलं, त्याची पुनरावृत्ती २०१४मध्ये झाली. इंटेलने पेंटियमच्या वाढदिवसानिमित्त जी३२५८ काढला: ७२ डॉलर, दोन कोअर, आणि गुणकाला कुलूप नाही. जुने लोक हळवे झाले, ३००ए परत आला म्हणाले. तो साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास सहज जायचाही. पण त्याच नोव्हेंबरमध्ये ‘फार क्राय ४’ आला आणि दोन कोअरच्या प्रोसेसरवर काळा पडदा दाखवून थांबला. वेग कितीही असो, त्याला दोनाहून जास्त धागे हवे होते. कुणीतरी पळवाट काढली, पण दिशा कळून चुकली.

गेल्या वर्षी माझ्या मामेभावाने पस्तीस हजारांत यादी मागितली, तेव्हा मी त्याला सेकंड हँडकडे वळवलं. आजची फट तिथे आहे. २०२१मध्ये इथेरियम खणणाऱ्यांनी कार्डं पळवली, तेव्हा एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६०मध्ये खाणकाम मंदावणारं कुलूप घातलं, आणि नंतर स्वतःच्याच एका ड्रायव्हरमधून ते चुकून उघडंही करून दिलं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने खाणकामच बंद केलं आणि राबून दमलेली कार्डं जगभरच्या जुन्या बाजारात ओतली गेली. त्यांतली बरीच अजून नीट चालतात. पंखा आवाज करतो का ते ऐका, बायोस बदललेलं नाही ना ते बघा, आणि विकणाऱ्याच्या समोर अर्धा तास एखादा जड गेम चालवून बघा. अर्ध्या तासाला नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

आणि आरएक्स ५८० घेत असाल, तर आतले प्रोसेसर मोजून घ्या. मूळ ५८०मध्ये २३०४ असतात. २०१८मध्ये चीनच्या बाजारासाठी त्याच नावाची एक आवृत्ती निघाली, तिच्यात २०४८ आहेत, म्हणजे ती खरं तर आरएक्स ५७०. खोक्यावर दोन्ही ५८०च. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा. आकडा त्यातल्या ‘शेडर्स’च्या चौकटीत दिसतो.