बॉबी जोन्स : हौशी गोल्फपटूच्या गुणपत्रिकेचा प्रवास

गोल्फमध्ये जितके फटके कमी, तितका खेळ सरस. १८ होलची एक फेरी आणि मोठ्या खुल्या स्पर्धांत अशा चार फेऱ्या, एवढाच हिशेब. या हिशेबात व्यावसायिकांना मागे टाकूनही अखेरपर्यंत हौशी राहिलेला खेळाडू म्हणजे अमेरिकेचा बॉबी जोन्स.

अटलांटा येथे १७ मार्च १९०२ रोजी जन्मलेल्या जोन्सने वयाच्या चौदाव्या वर्षी, १९१६ साली, अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्यानंतर सात वर्षे एकही मोठे विजेतेपद त्याच्या वाट्याला आले नाही. फटक्यांत तो कमी नव्हता. आड येत होता तो संताप. १९२१ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज मैदानावर ब्रिटिश ओपनच्या तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलसाठी त्याला ४६ फटके लागले आणि अकराव्या होलवर त्याने सामना अर्धवट सोडला.

कोंडी फुटली ती १९२३ मध्ये. न्यूयॉर्कजवळील इनवूड येथे अमेरिकन ओपनमध्ये २९६ फटक्यांवर बरोबरी झाल्यावर निर्णायक फेरीत त्याने बॉबी क्रुकशँकला ७६ विरुद्ध ७८ असे नमविले. १९२६ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन या दोन्ही खुल्या स्पर्धा एकाच वर्षी जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला.

मैदाने वेगवेगळी असल्याने केवळ आकड्यांची तुलना फसवी ठरते. म्हणूनच १९२७ ची कामगिरी बोलकी आहे. ज्या सेंट अँड्र्यूजवर त्याने सहा वर्षांपूर्वी माघार घेतली होती, तेथेच त्याने ६८, ७२, ७३ व ७२ अशा फेऱ्या खेळून २८५ फटक्यांत ब्रिटिश ओपन जिंकली. स्पर्धेतील आधीचा विक्रम २९१ फटक्यांचा होता.

१९३० मध्ये ब्रिटन व अमेरिकेच्या खुल्या आणि हौशी अशा चारही स्पर्धा त्याने एकाच वर्षी जिंकल्या. हा पराक्रम पुन्हा कोणालाही साधलेला नाही. १३ प्रमुख विजेतेपदे नावावर असताना, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, पेशाने वकील असलेल्या जोन्सने स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली. पुढे ऑगस्टा नॅशनल हे मैदान उभारण्यात त्याने पुढाकार घेतला. तेथेच १९३४ पासून मास्टर्स स्पर्धा भरू लागली.

तथापि, त्याच्या नावाला खरा मान मिळवून दिला तो एका वाढीव फटक्याने. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये वूस्टर येथे गवतात पडलेला चेंडू आपल्या हातून किंचित हलला, असे त्याने स्वतःहून सांगितले. इतर कोणीही ते पाहिले नव्हते. तरीही त्याने दंडाचा एक फटका लावून घेण्याचा आग्रह धरला. स्पर्धा २९१ फटक्यांवर बरोबरीत सुटली आणि ३६ होलच्या निर्णायक लढतीत विली मॅकफार्लेनने त्याला एका फटक्याने हरविले. तो दंड नसता, तर बरोबरीचा प्रश्नच उद्भवला नसता.

पुढे मज्जारज्जूच्या असाध्य आजाराने त्याला जखडले. १९५८ मध्ये सेंट अँड्र्यूजने त्याला मानद नागरिकत्व दिले. बेंजामिन फ्रँकलिननंतर हा सन्मान मिळविणारा तो दुसरा अमेरिकन. १८ डिसेंबर १९७१ रोजी त्याचे निधन झाले. अमेरिकन गोल्फ संघटना १९५५ पासून खिलाडूवृत्तीसाठी देत असलेला पुरस्कार त्याच्याच नावाचा आहे.