अनाहूत ईमेल
पूर्वओळख नसलेल्या व्यक्तीला विक्री, काम वा नोकरीसाठी पाठवलेले ईमेल. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटपूर्व संगणक-जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना संगणकांची जाहिरात धाडली. तक्रारींचा पाऊस पडला. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर असा मजकूर क्षणात तयार होऊ लागला, आणि सगळी पत्रे एका साच्यातली दिसू लागली. ‘आपल्या कार्याने प्रभावित झालो’ हे वाक्य कोणालाही चालते, म्हणून कोणालाच पटत नाही. समोरच्याचा एखादा नेमका लेख, आपली एकच मागणी आणि शब्दमर्यादा यंत्राला दिली, तर मसुदा बरा उतरतो. नाव-हुद्दा मात्र स्वतः तपासावा, यंत्र बेधडक चुकते. २०२४ पासून जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल धाडणाऱ्यांना प्रेषक-पडताळणी बंधनकारक आहे.